साहेबाशी पटेना म्हणून: रिझर्व्ह बँकेतले दोन राजीनामे

राजीनाम्याचं पत्र हा इतिहासाच्या अभ्यासकाच्या हाती पडणारा बहुतेक वेळा सगळ्यांत निरुपयोगी कागद असतो. 'वैयक्तिक कारणास्तव', 'प्रकृतीच्या कारणाने', 'आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहे'. एवढ्यात माणसाची वीस-पंचवीस वर्षं गुंडाळलेली असतात. खरं काय घडलं ते पत्राच्या आधीच्या दोन-तीन महिन्यांच्या कागदांत सापडतं, कधी नंतरच्या वर्षभरातल्या. म्हणून संस्थांच्या इतिहासावर काम करायचं असेल तर राजीनामा कसा वाचायचा हे लवकर शिकावं लागतं. माझा विषय रिझर्व्ह बँक आणि अर्थखातं यांचे संबंध हा असल्यामुळे माझ्या वाट्याला असे राजीनामे बरेच आलेत. त्यातले दोन इथे उलगडून दाखवतो. दोन्हींत तक्रार एकच: वर बसलेला माणूस काम करू देत नाही.

पहिला राजीनामा बँकेच्या पहिल्याच गव्हर्नरचा. सर ऑसबर्न स्मिथ. १ एप्रिल १९३५ ला रिझर्व्ह बँक सुरू झाली तेव्हा हे तिथे बसले. त्याआधी इंपीरियल बँकेचे मॅनेजिंग गव्हर्नर होते आणि त्याही आधी ऑस्ट्रेलियात जवळपास तीस वर्षं बँकिंग केलेलं. म्हणजे आयसीएस नव्हे, धंद्यातला माणूस. समोर व्हाइसरॉयच्या कौन्सिलातले फायनान्स मेंबर सर जेम्स ग्रिग. लंडनच्या ट्रेझरीत मुरलेले, बुद्धीने तल्लख आणि जिभेने तिखट.

वाद कशावरून झाला? कागदावर दोन मुद्दे दिसतात, व्याजाचा दर आणि रुपयाचा भाव. रुपया तेव्हा १ शिलिंग ६ पेन्सला बांधलेला होता, १९२७ च्या कायद्याने. हिंदी गिरणीवाले आणि व्यापारी १ शिलिंग ४ पेन्स मागत होते. १९२६ च्या हिल्टन यंग कमिशनच्या अहवालाला पुरुषोत्तमदास ठाकुरदासांनी जोडलेली भिन्नमतपत्रिका याच मुद्द्यावर होती. स्मिथ यांचा कल स्वस्त रुपया आणि स्वस्त पैसा या बाजूला. सरकारला रुपयाचा भाव हलवायचाच नव्हता, कारण लंडनला पाठवायच्या रकमा त्या भावावर अवलंबून होत्या. गंमत बघा, बँक स्थापन करताना सांगितलं काय गेलं होतं? की चलनाचा कारभार राजकारणापासून दूर ठेवायचा आहे! भागधारकांची बँक, स्वतंत्र बोर्ड, सगळं त्यासाठीच. आणि दोन वर्षांच्या आत, १९३६ च्या अखेरीस, पहिला गव्हर्नर रजेवर गेला तो परत आलाच नाही. ३० जून १९३७ ला राजीनामा अमलात आला. साडेतीन वर्षांची मुदत पुरी झाली नाही.

बँकेच्या अधिकृत परिचयात आज याबद्दल मोजून दोन-तीन वाक्यं आहेत: धोरणाबाबत त्यांची मतं सरकारपेक्षा वेगळी होती, मुदतीआधी ते गेले, आणि जाता जाता, त्यांची सही असलेली एकही नोट नाही. रिझर्व्ह बँकेच्या पहिल्या नोटा जानेवारी १९३८ मध्ये निघाल्या, त्यांवर सर जेम्स टेलर यांची सही आहे. टेलर म्हणजे स्मिथ यांचे डेप्युटी. आयसीएसमधले, अर्थखात्यातून आलेले, आणि वादात सरकारच्या बाजूला. वरचा साहेब पटत नाही आणि हाताखालचा माणूस त्या साहेबाचा, अशी ती खुर्ची होती. ऑफिसात काम केलेल्या कुणालाही हे चित्र ओळखीचं वाटेल.

आता संशोधनाचा मुद्दा. ग्रिग यांनी १९४८ मध्ये आत्मचरित्र छापलं. नाव 'प्रेज्युडिस अँड जजमेंट', म्हणजे पूर्वग्रहाची कबुली मुखपृष्ठावरच. शिवाय त्यांचा सरकारी पत्रव्यवहार अर्थखात्याच्या आणि लंडनच्या दप्तरांत व्यवस्थित लावून ठेवलेला. सरकार दप्तर सांभाळतं. सोडून गेलेला माणूस आपले कागद सोबत नेतो आणि ते कुठल्यातरी ट्रंकेत राहतात. त्यामुळे अशा भांडणांच्या इतिहासात साहेबाची बाजू नेहमी जास्त जाडजूड असते. ती जास्त खरी असते असं नव्हे. स्मिथ यांच्याविषयी 'स्वभावाने अडचणीचे' अशा अर्थाची वर्णनं वाचायला मिळाली की मी आधी बघतो की ती लिहिली कुणी. तुम्हीही बघा.

दुसरा राजीनामा वीस वर्षांनंतरचा, आणि तो जास्त श्रीमंत आहे, कारण त्याच्या पायऱ्या एकेक करून मोजता येतात. सर बेनेगल रामा राव. १ जुलै १९४९ ला गव्हर्नर झाले, चिंतामणराव देशमुखांनंतर. आयसीएस, नंतर राजदूत. घटनासमितीचे सल्लागार बी. एन. राव हे त्यांचे भाऊ. साडेसात वर्षं ते या पदावर राहिले. एवढा काळ या खुर्चीत दुसरं कुणी बसलेलं नाही. म्हणजे हा चटकन रागावून उठणारा माणूस नव्हता, हे सुरुवातीलाच लक्षात ठेवा. राजीनामा देणाऱ्याची आधीची कारकीर्द हा पुराव्याचाच भाग असतो.

त्यातली पहिली सहा-सात वर्षं बरी गेली. अर्थमंत्री होते देशमुख, म्हणजे स्वतः सहा वर्षं त्याच खुर्चीत बसून आलेले. बँकेला काय बोलायचं आणि काय बोलायचं नाही हे त्यांना सांगावं लागत नव्हतं. मग आला जुलै १९५६. मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्रशासित करायची, हे नेहरूंनी जूनमध्ये मुंबईतच जाहीर केलं होतं. देशमुखांनी अर्थमंत्रिपद सोडलं आणि लोकसभेत निवेदन करून कारणं सांगितली: मुंबईचा निर्णय, मंत्रिमंडळाशी नीट चर्चा न करता तो जाहीर करण्याची पद्धत, मुंबईतल्या गोळीबाराची चौकशी न होणं. कुलाबा जिल्ह्यातून निवडून आलेल्या, महाडजवळच्या नाते गावात जन्मलेल्या माणसाचा तो राजीनामा महाराष्ट्रात अजून आठवला जातो. त्याच वर्षी ते यूजीसीचे अध्यक्ष झाले, ज्या यूजीसीच्या फेलोशिपच्या तारखेकडे आपण दर महिन्याला डोळे लावून बसतो.

देशमुख गेल्यावर ऑगस्टअखेर अर्थखातं टी. टी. कृष्णम्माचारी यांच्याकडे आलं. म्हणजे एका राजीनाम्याने दुसऱ्या राजीनाम्याचा साहेब आणून बसवला. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीमुळे रिझर्व्ह बँकेचा गव्हर्नर गेला असं लिहाल तर व्हायवात कुणीतरी सालपटं काढेल, आणि बरोबरच काढेल. पण देशमुख अर्थमंत्री राहिले असते तर जानेवारी १९५७ तसा घडला असता का, हा प्रश्न मात्र रास्त आहे. कारण आणि परिस्थिती यांत फरक करायची सवय अशाच ठिकाणी लागते.

टीटीके हुशार होते, घाईत होते, आणि संस्थांच्या मानपानाची त्यांना पर्वा नव्हती. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचं पहिलं वर्ष, परकीय चलन झपाट्याने संपत होतं, भाव चढत होते. ही घाई खोटी नव्हती, हे त्यांच्या बाजूने नोंदवायलाच हवं. ३० नोव्हेंबर १९५६ ला त्यांनी लोकसभेत नवे करप्रस्ताव मांडले. त्यात एक क्षुल्लक दिसणारं कलम होतं: मुदती हुंड्यांवरचं मुद्रांक शुल्क वाढवायचं.

इथे जरा थांबावं लागेल, कारण सगळी गोम या कलमात आहे. जानेवारी १९५२ मध्ये रामा राव यांच्याच काळात 'बिल मार्केट स्कीम' सुरू झाली होती. बँकांना रिझर्व्ह बँकेकडून उसने पैसे हवे असतील तर त्यांनी आपल्या कर्जदारांच्या वचनचिठ्ठ्या मुदतीच्या स्वरूपात करून घ्यायच्या आणि त्या तारण ठेवायच्या. आता अशा मुदती कागदाला मुद्रांक लागतो. शुल्क नाममात्र होतं तोवर कुणाचं लक्ष नव्हतं. शुल्क वाढवलं की बँकांना रिझर्व्ह बँकेकडून मिळणारा पैसा तेवढ्याने महाग होतो. बँक रेट १९५१ च्या नोव्हेंबरपासून साडेतीन टक्के होता आणि कागदावर तो तसाच राहिला. पण शुल्क धरून बँकांना पैसा पडायला लागला साधारण चार टक्क्यांना. म्हणजे देशाचा व्याजदर बदलला, तो गव्हर्नरने बदलला नाही, आणि बदलला आहे असं कुठे लिहिलंही नाही. तिकिटाने बदलला!

अर्थखात्याचं म्हणणं होतं की मुद्रांक हा कराचा विषय आहे, कर हा सरकारचा अधिकार, त्यात बँकेला विचारायचं काय? कायद्याने हे चूक म्हणता येत नाही. बँकेचं म्हणणं होतं की परिणाम व्याजदरावर होतो आणि व्याजदर हे आमचं काम. वस्तुस्थितीने हेही चूक नाही. तसा १ जानेवारी १९४९ ला बँकेचं राष्ट्रीयीकरण झाल्यावर कायद्याचं सातवं कलम सरकारच्या हातात होतंच. गव्हर्नरशी सल्लामसलत करून सार्वजनिक हितासाठी बँकेला निर्देश देता येतात. पण त्यात सल्लामसलत ही अट आहे. मुद्रांकाच्या वाटेने गेलं की ती अट आड येत नाही. मला स्वतःला या प्रकरणातली सगळ्यांत बोलकी गोष्ट हीच वाटते, की उघडा दरवाजा असताना खिडकीतून जाणं पसंत केलं गेलं.

त्याच सुमारास टीटीके बँकेविषयी जे बोलत होते ते बँकेच्या अधिकृत इतिहासाच्या दुसऱ्या खंडात आलेलं आहे. बँक म्हणजे अर्थखात्याचाच एक विभाग, असा सूर. तिला विचार करता येतो की नाही याबद्दलही शंका. आणि गव्हर्नरला समोरासमोर, इतरांच्या कानावर जाईल अशा आवाजात सुनावणं. हा खंड १९५१ ते १९६७ या काळाचा आहे, १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि संस्थेने स्वतः लिहून घेतलेला असूनही त्यात हे प्रकरण झाकलेलं नाही. संस्थेचा अधिकृत इतिहास म्हणजे गुणगान असणार असं धरून तो न वाचणारे विद्यार्थी मी पाहिलेत. वाचा. फक्त हेही लक्षात ठेवा की तो बँकेच्या खुर्चीतून लिहिलेला आहे.

रामा राव यांनी मग काय केलं? लगेच राजीनामा दिला नाही. आधी त्यांनी आपलं टिपण बँकेच्या मध्यवर्ती संचालक मंडळासमोर ठेवलं. १२ डिसेंबर १९५६ ला मंडळाने ठराव केला की चलन आणि पतधोरणावर लक्षणीय परिणाम करणाऱ्या गोष्टींत सरकारने बँकेशी आधी विचारविनिमय करावा. ठरावाची भाषा अगदी मवाळ, विनंतीची. मग प्रकरण पंतप्रधानांकडे गेलं. नेहरूंनी १ जानेवारी १९५७ ला पत्र पाठवलं आणि त्यात अर्थमंत्र्यांची बाजू घेतली. आशय असा, की बँक स्वायत्त आहे खरी, पण सरकारच्या निर्देशांखालीही आहे. तिने सल्ला द्यावा, सरकारच्या मूळ उद्दिष्टांना आव्हान देऊ नये. आणि मंडळापुढे असं टिपण ठेवणं म्हणजे सरकारविरुद्ध चळवळीचा पवित्रा घेणं आहे. आठवड्याभरात राजीनामा गेला आणि १४ जानेवारीला रामा राव पदावरून उतरले. दुसरी मुदतवाढ चालू होती, तीही पुरी केली नाही.

तारखा अशा ओळीने लावल्या की काहीतरी दिसायला लागतं. ३० नोव्हेंबर, १२ डिसेंबर, १ जानेवारी, १४ जानेवारी. पंचेचाळीस दिवस. आल्बर्ट हर्शमन यांचं १९७० चं पुस्तक 'एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी' तुमच्यापैकी कित्येकांनी मेथडॉलॉजीच्या पेपरसाठी वाचलं असेल. संस्था बिघडते तेव्हा माणूस एकतर आवाज उठवतो, नाहीतर निघून जातो, आणि निष्ठा त्याला काही काळ धरून ठेवते, अशी त्यातली मांडणी. रामा राव यांचं प्रकरण या साच्यात इतकं चपखल बसतं की मला सुरुवातीला त्याचाच संशय आला. साचा चपखल बसला की आपण बघायचं थांबवतो. इथे न बसणारी गोष्ट ही, की आवाज उठवणं हाच नंतर त्यांच्यावरचा आरोप झाला. मुद्रांक योग्य की अयोग्य हे बाजूला राहिलं आणि टिपण मंडळासमोर ठेवलंच कसं हा विषय झाला. तक्रारीच्या पद्धतीवर तक्रार! कुठल्याही विभागप्रमुखाविरुद्ध कुलगुरूंकडे अर्ज देऊन बघा, पहिला प्रश्न येतो, 'योग्य मार्गाने का आला नाहीत?'

मग कारण कोणतं धरायचं, धोरण की अपमान? यावर लिहिणाऱ्यांचे ढोबळ दोन गट पडतात. वर्तमानपत्री आठवणींमध्ये 'मंत्री ओरडले म्हणून गव्हर्नर गेले' असं असतं. अर्थशास्त्राच्या लेखांमध्ये ओरडणं तळटीपेत जातं आणि वर 'मध्यवर्ती बँकेची स्वायत्तता' येते. माझ्या मते दोघेही एकच गोष्ट अर्धी-अर्धी बघतात. 'तुमची बँक म्हणजे माझ्या खात्यातला एक विभाग' हे वाक्य उद्धट आहे, आणि तोच कायद्याविषयीचा दावाही आहे. विभागाला कोण विचारतं? विभागाला कळवतात. मुद्रांकाच्या कलमात जे न बोलता केलं गेलं तेच तोंडाने बोललं गेलं. म्हणून या प्रकरणात वागणुकीचा पुरावा 'व्यक्तिगत' म्हणून बाजूला काढला तर धोरणाचाच पुरावा हातातून जातो. स्वभाव, आवाज, कुणाला किती वेळ बाहेर बसवलं, पत्राला उत्तर किती दिवसांनी आलं, या गोष्टी टिपून ठेवायला लाजू नका.

याला एक ताळा मिळतो, तो नंतरच्या महिन्यांत. रामा राव यांचा विरोध जर महाग पैशालाच असता, तर ही स्वायत्ततेची गोष्ट जरा लंगडी पडली असती. मे १९५७ मध्ये काय झालं? बँक रेट साडेतीनवरून चार टक्के झाला, उघडपणे, बँकेकडून. आणि मुद्रांक शुल्क खाली आणलं गेलं. म्हणजे दर तोच राहिला, फक्त तो ज्या हाताने लावायचा त्या हाताने लागला. भांडण चार टक्क्यांचं नव्हतंच. हे मी तुम्हाला इतक्या खात्रीने सांगू शकतो ते राजीनाम्याच्या पत्रामुळे नाही, चार महिन्यांनंतरच्या एका कोरड्या दरपत्रकामुळे. तेव्हा तुमच्या प्रकरणाची कालमर्यादा राजीनाम्याच्या तारखेला बंद करू नका, पुढे निदान वर्षभर चालू ठेवा.

एक गोष्ट मात्र अशा लिखाणात फार कमी जण विचारतात: सोडून जाणं त्या माणसाला परवडत होतं का? रामा राव यांचा जन्म १८८९ चा, म्हणजे तेव्हा अडुसष्टीचं वय. आयसीएसची पूर्ण कारकीर्द मागे, नाव झालेलं, मुदतवाढीवर बसलेले. देशमुखांनाही राजीनाम्यानंतर मानाची जागा मिळाली. त्यांचं धैर्य कमी होतं असं मला म्हणायचं नाही. पण अर्काइव्हमध्ये जे राजीनामे सापडतात ते बहुधा अशाच माणसांचे असतात, ज्यांना राजीनामा देणं झेपतं. ज्या कारकुनाचं किंवा असिस्टंटचं साहेबाशी पटलं नाही, घरी पाच तोंडं होती आणि जो दात-ओठ खात टेबलावरच बसून राहिला, त्याने काहीच लिहिलं नाही. रजेचे अर्ज, बदलीच्या विनंत्या, वैद्यकीय दाखले, यांत तो दिसतो, तोही तुम्ही शोधलात तर. गाईडशी पटत नसूनही फेलोशिपच्या शेवटच्या वर्षापर्यंत थांबलेली किती मुलं आपल्या ओळखीची आहेत! उद्या कुणी आपल्या विद्यापीठाचा इतिहास लिहिला तर ती त्यात येतील का? नोंदणी रद्द केलेल्यांची यादी रजिस्ट्रारच्या ऑफिसात मिळेल. थांबलेल्यांची यादी कुठेच नसते.

तसंच व्यासपीठाचं. देशमुखांना संसदेत निवेदन करता आलं, कारण मंत्रिपद सोडणाऱ्याला सभागृहात उभं राहून कारण सांगायची प्रथा आहे. ते निवेदन कार्यवृत्तात छापलं गेलं आणि आज कुणालाही वाचता येतं. गव्हर्नरला असं सभागृह नाही. त्याचं सभागृह म्हणजे संचालक मंडळ, आणि तिथे बोलल्याबद्दलच रामा राव यांना बोल लागला. स्मिथ यांना तर तेवढंही जमलं नाही. कोणता राजीनामा इतिहासात 'तत्त्वाचा' ठरतो आणि कोणता 'स्वभाव जुळले नाहीत' या सदरात जातो, यात अशा प्रथांचा वाटा आपण समजतो त्यापेक्षा मोठा आहे.

उरलेली हकिकत थोडक्यात. रामा राव यांच्या जागी काही आठवडे के. जी. आंबेगावकर बसले, मग १ मार्च १९५७ पासून एच. व्ही. आर. अय्यंगार आले. टीटीके अर्थखात्यात एक वर्षभर राहिले. जून १९५७ मध्ये आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर घेतले, फिरोज गांधींनी ते लोकसभेत बाहेर काढलं आणि जानेवारी १९५८ मध्ये न्या. छागलांच्या एकसदस्य आयोगापुढे मुंबईत उघड चौकशी झाली. मंत्री की सचिव, निर्णय नक्की कुणाचा, यावर ती फिरत राहिली आणि छागलांनी जबाबदारी मंत्र्यांवर ठेवली. फेब्रुवारीत टीटीकेंनी राजीनामा दिला. ज्यांना अभ्यास करायचा आहे त्यांनी हा आयोगाचा अहवाल आणि डिसेंबर १९५६ चा बँकेच्या मंडळाचा ठराव शेजारी-शेजारी ठेवून वाचावा. एकात विचारलंय की खात्यात निर्णय कोण घेतं, दुसऱ्यात विचारलंय की खातं कुठे संपतं. मध्ये जेमतेम चौदा महिने आहेत, आणि दोन्हींकडे मंत्री तेच आहेत.